मुठीच्या आत नाव सापडलंय, पण तलवार त्याच माणसाची आहे का? जपानी तलवारीची सही तपासायची माझी पद्धत

आधी लक्षणं सांगतो, तुमची केस यात बसते का बघा.

मूठ काढली, आतल्या गंजलेल्या लोखंडावर जपानी अक्षरं दिसली, कुणाकडून तरी वाचून घेतली, नाव गूगल केलं आणि ते थेट म्युझियममधलं निघालं. कोतेत्सु, मुरामासा, सुकेहिरो, असं कुठल्या तरी नामांकित जुन्या लोहाराचं. किंवा दोन जाणकारांना फोटो पाठवले, नाव दोघांनी एकच वाचलं पण एक म्हणतो १५०० च्या आसपासची आणि दुसरा म्हणतो १७०० ची. किंवा तलवारीबरोबर शिक्केवाला जपानी कागद आहे, त्यावर तेच नाव आहे, तरीही जपानमधला डीलर फोटो बघून "छान आहे" एवढंच म्हणतो आणि पुढे गप्प बसतो. किंवा मग अक्षरं काल कोरल्यासारखी लख्ख आणि बाजूचं लोखंड मात्र काळंठिक्कर.

मी नागोयाला राहतो, नोकरी गाड्यांच्या पार्ट्सची, पण गेली बारा वर्षं सुट्टीच्या दिवशी सेकी गावाजवळच्या एका म्हाताऱ्या तोगीशीकडे, म्हणजे तलवारीला पॉलिश करणाऱ्या कारागिराकडे, बसून शिकतोय. इथल्या आणि देशातल्या मराठी मंडळींच्या अशा किती केसेस बघितल्या ते मोजलं नाही, पण दुखणं जवळपास दर वेळी एकच असतं, ते म्हणजे नावापासून सुरुवात केलेली असते. नाव सगळ्यात शेवटी बघायचं. आधी गंज, मग आकार, मग बाकीचं सगळं, आणि नंतर विचारायचं की हे नाव या पात्याला शोभतंय का.

खोट्या सहीला जपानीत गिमेई म्हणतात आणि खऱ्या सहीला शोशिन. गिमेई ही आजकालची भानगड नाही बरं का, एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८, सरदारांमध्ये तलवारी भेट द्यायची रीतच होती, मोठ्या नावाची मागणी होती, त्यामुळे २००-३०० वर्षांपूर्वी कोरलेल्या खोट्या सह्या भरपूर आहेत. एदोच्या शेवटी तर काजिहेई नावाचा लोहार दुसऱ्यांच्या सह्या कोरण्यासाठीच नावाजला होता. म्हणून सही खोटी निघाली तरी तलवार खोटी ठरत नाही, ती अस्सल जुनी, सुंदर, हाताने घडवलेलीच असू शकते, फक्त दुसऱ्या कुणाची तरी. आपल्याकडे फिरंग तलवारींच्या पात्यांवर युरोपातल्या कारखान्यांच्या खुणा इथल्याच लोहारांनी उठवलेल्या सापडतात, तसलाच प्रकार.

पहिली तपासणी, फुकटातली: काहीही साफ करू नका

मुठीच्या आत जाणारं जे शेपूट असतं त्याला नाकागो म्हणतात. त्याच्यावरचा गंज हा त्या तलवारीचा जन्मदाखला आहे. ब्रासो, लिंबू, चिंच, सँडपेपर, तारेचा ब्रश, केरोसिन, काहीही लावायचं नाही. एका कुटुंबाने नाव नीट वाचता यावं म्हणून नाकागो घासून चकचकीत केला होता, नाव दिसलं खरं पण ते खरं की खोटं हे आता कुणालाच सांगता येणार नाही, कारण साक्ष देणारा गंजच गेला. पात्याला बोटंही लावू नका, घामाचे डाग दोन दिवसांत बसतात.

दुसरी: ही हाताने घडवलेली आहे का तेच आधी बघा

सातारा, कोल्हापूर, पुण्याकडून येणाऱ्या केसेस बहुतेक १९४५ च्या असतात. आजोबा मराठा पलटणीत होते, ब्रह्मदेशातून किंवा मलायातून जपानी शरण आले तेव्हा तलवार मिळाली. यातल्या पुष्कळ तलवारी युद्धकाळात कारखान्यात बनलेल्या आहेत. मूठ अॅल्युमिनियमची ओतीव असून वर रंगाने दोऱ्याची वीण दाखवलीये आणि पात्यावर मुठीजवळ आकडे ठोकलेत, तर ती जपानी फौजेतल्या हवालदार दर्जाच्या लोकांची टाइप ९५, तिच्यात लोहाराचं नाव शोधत बसू नका. नाकागोवर नावाच्या वर एखादा बारीक गोल शिक्का, 'सेकी' किंवा 'शो' अक्षराचा, असेल तर पातं शोवा काळातलं, म्हणजे १९२६ नंतरचं, आणि जुन्या पद्धतीने घडवलेलं नाही, बहुतेक कारखान्याचं पोलाद आणि तेलात विझवलेलं. नाव मात्र खऱ्या लोहाराचंच असतं, म्हणून लोक फसतात. उलटही होतं, फौजी मूठ, फौजी म्यान आणि आत घराण्यातलं ४०० वर्षं जुनं पातं. म्हणून बाहेरचं बघून निकाल देऊ नका, हो नाही नि नाही पण नाही.

चिनी नकला हा तिसरा प्रकार. धारेवरची लाटेसारखी पांढरी रेघ, हामोन, अॅसिडने किंवा ब्रशने काढलेली असते, टोकापाशी ती वळून पाठीकडे जात नाही, आणि सहीच्या रेघा सगळ्या एकाच जाडीच्या, ग्राइंडरने ओढल्यासारख्या.

तिसरी: मूठ काढा आणि चार फोटो

मुठीत बांबूची एक खुंटी असते, मेकुगी. तिच्या बारीक बाजूकडून हलक्या हाताने ठोकून ती बाहेर काढायची, लाकडाची किंवा पितळेची दांडी वापरा, खिळा नको. मग डाव्या हातात मूठ उभी धरून, पातं थोडं तिरकं आणि धार अंगापासून लांब ठेवून, उजव्या मुठीने डाव्या मनगटावर टकटक करायचं, पातं आपोआप सैल होतं. नाही झालं तर थांबा. हातोडी, पकड, पाना यातलं काहीही नको, मूठ फुटते आणि पातं हातात उडतं. हे पहिल्यांदा करणाऱ्याने एकट्याने करू नये, घरात लहान मुलं असतील तर दार लावून घ्या.

फोटोला फ्लॅश मारू नका. खोलीत अंधार करा, मोबाईल वर स्थिर धरा आणि दुसऱ्याला टॉर्च अगदी बाजूने, टेबलाला चिकटवल्यासारखा धरायला सांगा. न दिसणारी अक्षरं सावलीने वर येतात. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, दोन्ही बाजूंचे, नाकागो पूर्ण दिसेल असे. अक्षरांचे नुसते क्लोजअप पाठवू नका, अर्धी माहिती अक्षरांच्या बाहेर असते.

चौथी: पूर्ण वाचा, आणि कुठली बाजू ते बघा

सही म्हणजे नुसतं नाव नसतं. आधी प्रांत, मग 'जू' म्हणजे राहणार, कधी मानाचा किताब, मग नाव, शेवटी 'साकु' म्हणजे केली. 'एचिझेन नो कामी' वाचून हा एचिझेनचा सरदार होता असं समजू नका, ती पैसे भरून मिळणारी मानाची पदवी, असे कामी शेकडो लोहार होते. दुसऱ्या बाजूला काही कोरलेलं असेल तर ती बहुतेक तारीख असते आणि लोक तिलाच नाव समजतात. 'नेन' म्हणजे वर्ष, त्याच्याआधी काळाचं नाव आणि आकडा. हिशेब सोपा आहे, कानबुन काळ १६६१ ला सुरू झाला म्हणजे कानबुन ८ हे १६६८. कानबुन १३ वर्षांतच संपला, त्यामुळे कुणी 'कानबुन १५' वाचून दिलं तर एकतर वाचन चुकलं किंवा कोरणारा चुकला. शोवा १८ आलं तर ते १९४३. महिना बहुतेक वेळा २ किंवा ८ असतो, ते शुभ मानायचे, त्यावरून काही सिद्ध होत नाही.

आता बाजू. जुनी ताची ही तलवार धार खाली ठेवून कमरेला लटकवायचे, नंतरची कताना धार वर ठेवून पट्ट्यात खोचायचे, आणि सही अंगाच्या बाहेरच्या बाजूला येईल अशी कोरायची पद्धत. म्हणून दोघींच्या सह्या उलट बाजूंना येतात. पण हिझेन प्रांतातले तादायोशी घराण्याचे लोहार कतानावरसुद्धा ताचीच्या बाजूला सही करायचे. त्यामुळे तादायोशी नाव असलेली लांब कताना नेहमीच्या बाजूला सही केलेली दिसली की मी पेन खाली ठेवतो आणि बारकाईने बघायला लागतो. एका मिनिटाची तपासणी, शून्य खर्च.

पाचवी: गंज आणि छिन्नी. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

१० पटीचं भिंग लागतं, दोन-तीनशे रुपयांचं. लोहार नाकागो आधी कानशीने घासतो आणि लगेच त्यावर छिन्नीने नाव कोरतो. म्हणजे कानशीचे ओरखडे आणि अक्षरं एकाच दिवशी जन्माला येतात आणि पुढची शेकडो वर्षं एकत्रच गंजतात. म्हणून अक्षराच्या चरीच्या तळाला जो रंग आहे तोच बाजूच्या सपाटीला असायला हवा. नंतर कोरलेलं नाव जुना गंज फोडून आत जातं, तळ फिकट किंवा लालसर दिसतो, आणि तो लपवायला कोरणाऱ्याने नावाच्या आजूबाजूला रसायनाने गंज चढवलेला असेल तर तेवढाच पट्टा वेगळा दिसतो, खरखरीत, बारीक खड्ड्यांचा.

छिन्नीचा प्रत्येक ठोका कडेला लोखंड थोडं उचलतो. नवीन असताना ती कड धारदार असते, मूठ शेकडो वेळा चढवून उतरवून ती गुळगुळीत होते. मी कापसाचा एक तंतू अक्षरांवरून हलकाच ओढतो. जुन्या अक्षरावरून तो सरकून जातो, नव्यावर अडकतो.

नऊ वर्षांपूर्वी मी इथल्या एका बाजारात तादाहिरो नावाची वाकिझाशी, म्हणजे आखूड तलवार, घेतली होती, विकणाऱ्याने खात्रीची म्हणून दिली. नाव बरोबर, काळ बरोबर, फोटोत सगळं बरोबर. सेन्सेईंनी, म्हणजे माझ्या तोगीशी गुरुजींनी, भिंग माझ्या हातात दिलं आणि फक्त 'हिरो' अक्षराच्या खालच्या दोन ठिपक्यांकडे बोट दाखवलं. चरीच्या तळाला चॉकलेटी, बाहेर काळा. मग त्यांनी स्टीलची पट्टी नाकागोवर उभी ठेवली आणि मागून टॉर्च धरला, तर नावाच्या बरोबर खाली पट्टी आणि लोखंडाच्या मधून उजेडाची एक बारीक रेघ आली. म्हणजे तिथे आधी दुसरंच कुणाचं तरी नाव होतं, ते कानशीने काढून टाकलं, त्यामुळे तेवढी जागा खोल गेली आणि वर तादाहिरो आला. मला वाईट पैशांचं नाही वाटलं, ज्याने ती घडवली त्याचं नाव कायमचं गेलं याचं वाटलं, आजही वाटतं. ती पट्टीची तपासणी तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, निरोगी नाकागो वरून खाली एकसारखा बारीक होत जातो, मध्येच खळगा नसतो.

सहावी: भोकं मोजा

खुंटीचं भोक एकच असेल तर पातं मूळ लांबीचं असण्याची शक्यता चांगली. दोन-तीन भोकं म्हणजे मूठ बदलली किंवा पातं खालून कापून आखूड केलं, जुन्या लांब ताचींचं असं खूप झालं. आखूड करताना नाकागोचं टोक कापलं जातं, त्यामुळे मूळ सही एकदम खाली कडेला सरकते, अर्धी कापली जाते किंवा पूर्णच जाते. तेव्हा कापलेल्या नाकागोवर, तिसऱ्या भोकाच्या वर, मध्यभागी, ७०० वर्षांपूर्वीच्या लोहाराचं पूर्ण नाव ऐटीत बसलेलं असेल तर ते तिथे आलं कसं हा प्रश्न विचाराच. सगळ्यात नावाजलेला लोहार मासामुने, त्याचं तर सांगायलाच नको, त्याने सही फारच क्वचित केली, त्याची मानलेली बहुतेक पाती बिनसहीची आहेत, म्हणून मोठ्या ठळक अक्षरातला 'मासामुने' दिसला की उत्साह आवरा.

सातवी: आकार आणि काळ जुळतो का

पातं नागडं करून पांढऱ्या कापडावर ठेवा आणि दोन हात मागे सरकून बघा. नानबोकुचो काळातली, म्हणजे १३३६ ते १३९२, पाती रुंद, लांब टोकाची. मुरोमाची काळाच्या शेवटची, म्हणजे १५०० च्या आसपासची, एका हाताने चालवायची, ६० ते ६५ सेंटीमीटरची, नाकागो आखूड. कानबुनच्या आसपासची जवळपास सरळ आणि टोकाकडे निमुळती. नाव १४०० चं आणि अंग १६६५ चं असेल तर पुढे काही तपासायची गरजच नाही. कापून आखूड केलं की बाक कमी दिसतो, तेवढं ध्यानात ठेवा.

आठवी: त्या लोहाराच्या स्वतःच्या सवयी

इथून अभ्यास लागतो. मुरामासा हा इसे प्रांतातल्या कुवानाचा, त्याचा नाकागो माशाच्या पोटासारखा फुगून एकदम बारीक होतो. नाकागो सरळ सपाट असेल आणि वर मुरामासा लिहिलं असेल तर जमत नाही. सेकीच्या मागोरोकु कानेमोतोचा हामोन तीन-तीन देवदारांच्या रांगेसारखा, पण त्याचे शेंडे उंच-सखल असतात, अगदी करवतीसारखे एकसारखे शेंडे म्हणजे नंतरच्या पिढ्या, नाव तेच चालत आलेलं. म्हणजे ही सही खोटी नाही, माणूस वेगळा! दोन जाणकारांत २०० वर्षांचा फरक पडतो तो बऱ्याचदा इथेच.

ओसाकाच्या त्सुदा सुकेहिरोने १६७४ च्या सुमारास 'त्सुदा' अक्षरांचं वळण बदललं, आधी कोनाचं, नंतर गोलाईचं. तारीख १६७० आणि अक्षर गोल असेल तर सरळ नकार. कोतेत्सुच्या 'को' अक्षराचेही असेच आधीचे आणि नंतरचे दोन प्रकार आहेत. कोतेत्सुबद्दल तर इथे म्हणच आहे की दिसला तर खोटाच समजा.

यासाठी खऱ्या सहीचे ठसे, ओशिगाता, शेजारी ठेवून बघावे लागतात. अक्षराचं चित्र जुळतं का ते बघू नका, नकलाकार चित्र जुळवतोच. छिन्नी कुठून घुसली, कुठे उचलली, एका रेघेत किती ठोके, दोन अक्षरांतलं अंतर किती, ते बघा. सही करणाऱ्याचा हात सहज चालतो, नक्कल करणाऱ्याचा मध्येमध्ये थांबतो आणि ते ठोक्यांत उमटतं.

साताऱ्याच्या एका दादांची तलवार अशीच व्हिडिओ कॉलवर तासभर बघितली. फौजी म्यान, आत 'बिशू ओसाफुने सुकेसादा', म्हणजे बिझेन प्रांतातल्या ओसाफुने गावचा सुकेसादा. टॉर्च त्यांच्या मुलीने धरला होता. गंज एकसारखा, कडा गुळगुळीत, पट्टीखालून उजेड नाही, नाकागो आखूड, कापसाचा तंतू कुठेही अडकला नाही. सही चांगली वाटते असं मी सांगितलं, पण लगेच हेही सांगितलं की ओसाफुनेत मुरोमाचीच्या शेवटी सुकेसादा नावाने कितीतरी लोहार काम करायचे, लढायांसाठी घाऊक माल निघायचा आणि त्यावर अशीच छोटी सही असायची. मुद्दाम ऑर्डर देऊन करून घेतलेल्या पात्यावर 'बिझेन नो कुनी' असा पूर्ण प्रांत, लोहाराचं योसोझाएमोनसारखं हाक मारायचं नाव आणि तारीख येते. काकू मागून म्हणाल्या, "म्हणजे साध्या शिपायाची का हो?" तसंच काहीतरी, काकू. ज्याच्या हातात ती पहिल्यांदा गेली तो बहुतेक साधा शिपाईच होता.

कागदांबद्दल

जपानमध्ये प्रत्येक पात्याबरोबर तोरोकुशो नावाचा नोंदणीचा कागद असतो. त्यावर लांबी, बाक, भोकं आणि जे नाव कोरलेलं आहे ते नाव लिहितात. ते नाव खरं आहे असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं. सगळ्यात जास्त फसवणूक या कागदावर होते, विकणारा 'सरकारी सर्टिफिकेट' म्हणून दाखवतो. सहीबद्दल मत देणारा कागद वेगळा, तो निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई ही १९४८ ची संस्था देते, सगळे एनबीटीएचके म्हणतात. त्यांच्या आजच्या पायऱ्या होझोन, तोकुबेत्सु होझोन, जुयो आणि तोकुबेत्सु जुयो. १९८२ च्या आधीचे हिरवे-पांढरे जुने कागद असतील आणि नाव मोठं असेल तर बाजारात ते पुन्हा तपासायला सांगतात, तुम्हीही तसंच धरा.

इथे थांबा, आता तज्ज्ञ

धारेतले आणि पोलादातले बारकावे, म्हणजे पाणी दिल्यावर आलेले चमकते कण, घडीचं लाकडासारखं पोत, टोकातलं वळण, यावर निकाल देणं घरबसल्या होत नाही. चांगल्या पॉलिशशिवाय ते दिसतही नाही. आठवीपर्यंत सगळं जुळलं तर थांबा. चाकूसुऱ्यांना धार लावणाऱ्याकडे तर बिलकुल नेऊ नका, एका फेरीत पात्याचा आकार जातो आणि तो परत येत नाही. पातं वाकलंय, तडा दिसतोय, मूठ निघत नाहीये, लाल गंज पसरतोय, तरीही थांबा आणि शिकलेला तोगीशीच गाठा.

जपानला तपासणीला पाठवायची असेल तर त्याआधी दोन गोष्टी. १०० वर्षांवरची वस्तू भारताबाहेर न्यायला १९७२ चा पुरातन वस्तूंचा कायदा आडवा येतो, आधी पुरातत्त्व खात्याला विचारा, आणि शस्त्र म्हणून घरात ठेवण्याबद्दल स्थानिक पोलिसांना. दुसरं, जपानमध्ये उतरताना कस्टमला सांगून नोंदणी करावी लागते आणि कारखान्यात बनलेल्या युद्धकाळातल्या पात्यांची नोंदणी होत नाही, ती परत मिळत नाहीत. म्हणून दुसरी तपासणी चुकवून थेट पार्सल करू नका, आजोबांची आठवण कायमची जाईल.

आणि तज्ज्ञांनी गिमेई म्हणून परत पाठवली तर? एनबीटीएचके खोट्या सहीला कागद देत नाही, त्यामुळे डीलर सुचवतात की सही काढून टाका, मग बिनसहीची म्हणून कागद मिळेल. घाई करू नका. मोठ्या नावांच्या बाबतीत मतं बदललेली आहेत, आणि एकदा कानस फिरली की परत विचारायला काही उरत नाही. माझी तादाहिरो अजून तशीच आहे, वर्षातून दोनदा तेल लावतो, सही तशीच ठेवलीये.